पुठ्ठ्यावरची चित्रं

कुंभिवली,
रविवार, सकाळ

प्रिय राक्या,

शाळेच्या फाटकाच्या आत तू राकेश सर असशील, पण हे पत्र आपल्या वस्तीतल्या राक्याला आहे. फोन केला असता तर मी ओरडलो असतो आणि तू 'अरे ऐक तर, ऐक तर' करत बसला असतास. कागदावर तुला मला मधेच तोडता येत नाही.

परवा तालुक्याच्या कार्यालयात गेलो होतो. बालकलाकार पुरस्कारासाठी शाळांनी पाठवलेली नावं भिंतीवर लावली होती. शेजारी प्रत्येकाच्या एका चित्राची प्रत आणि चित्रकला शिक्षकाची शिफारस. तुझ्या शाळेचं नाव दिसलं तसा हौसेनं पुढे झालो. कुमार रुद्र, इयत्ता नववी. तुमच्या संस्थेच्या उपाध्यक्षांचा नातू. चित्रात दोन नारळ, एक होडी, बुडता सूर्य. आपल्या खालापुरात समुद्र कधी आला रे? आणि त्या होडीखाली माझी वाक्यं! 'माणसांच्या फक्त पाठी काढूनही त्यांचा थकवा दाखवण्याची ताकद या हातात आहे.' त्या चित्रात माणूसच नाही, राक्या. चिकटवण्याआधी निदान वाचायचंस तरी.

यात माझीही चूक आहे. महिन्यापूर्वी तू फोनवर म्हणालास, "मिल्या, शिफारशीच्या चार ओळी लिहून दे रं, तुझी भाषा चांगली हाय." कुणासाठी, हे मी विचारलंच नाही. तुझ्या वर्गात आपल्या वस्तीतली अपेक्षा असताना दुसऱ्या कुणाचं नाव असेल कशाला? जयंतीला समाजमंदिरात मी तिची चित्रं लावली होती, तेव्हा तूच माझा दंड धरून मला त्या कंपनीच्या गेटच्या चित्रापुढे उभं केलंस. कामाची पाळी संपवून निघालेल्या बायका, सगळ्या पाठमोऱ्या. कुणाच्या पिशवीतून डबा डोकावतोय, कुणी चपला हातात घेतल्यात. त्यातली तिसरी तिची आई, रूपाताई, हेही तूच ओळखलंस, मान एका बाजूला कलती आहे म्हणून. तुझे डोळे भरून आले होते. मी पाहिलं.

तुमच्या शाळेतल्या सुप्रिया मॅडम काल बाजारात भेटल्या. तू त्यांना कारण सांगितलंस म्हणे. नियमात ड्रॉइंग पेपर आहे आणि अपेक्षाची चित्रं खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर आहेत. अरे, तिची आई जिथे माल भरते तिथलीच फेकलेली खोकी ती उलटी करून वापरते. तिला कागद द्यायचं काम कुणाचं? शाळेच्या कपाटात कागदाचे ताव पिवळे पडताहेत आणि त्या कपाटाची किल्ली तुझ्या खिशात आहे! दुसरं कारण, पुरस्कारानंतरच्या मुंबईच्या शिबिराला आठ दिवस मुलीला कोण पाठवणार. तिच्या आईला विचारलंस? एकदा तरी?

आपण नववीत असताना असंच एक नाव पाठवायचं होतं. हेडमास्तरांना सरपंचांचा मुलगा हवा होता. तू तेव्हा कोळशानं समाजमंदिराची मागची भिंत काळी केली होतीस. लडकू मास्तर चालत वस्तीवर आले, तर चंद्रभागामावशी तुझ्या घराच्या दारातच घाबरल्या. "मास्तर, काय केलं पोरानं? मारामारी केली काय?" मास्तर हसले. "नाय गं बाय, चित्र काढलंय. आता कागदावर काढ म्हणावं." आणि काखेतली कागदाची सुरळी त्यांनी तुझ्या हातात दिली, नावही तुझंच पाठवलं. मला तुझा इतका हेवा वाटला की दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. पुढच्याच वर्षी मास्तरांची थेट दुसऱ्या टोकाच्या शाळेत बदली झाली. का झाली, ते आपल्याला मोठं झाल्यावर कळलं. तू आज हातात खडू धरतोस तो त्या बदलीचा आहे.

तुझी नोकरी अजून कायम नाही, हे मला ठाऊक आहे. घरात दोन पोरं आहेत. भाषणात मी भीतीची टिंगल करतो, इथे करणार नाही. भीती वाटली तर वाटली म्हण. पण ती पुठ्ठ्यावर ढकलू नकोस, आणि तिच्या नावाची वाक्यं दुसऱ्याच्या होडीत भरू नकोस.

यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंय की नाव बदलायचं असल्यास शिफारस करणाऱ्या शिक्षकानं स्वतःच्या सहीचं पत्र सोमवारी चार वाजेपर्यंत द्यावं. हेडमास्तरांनी नाही, उपाध्यक्षांनी नाही. तू. पुरस्काराच्या समारंभात मुख्य वक्ता म्हणून मला बोलावलंय. भाषण मी करणारच, त्यात काय बोलायचं ते तू ठरव.

खरं तर काल संध्याकाळी मी तक्रारीचा अर्ज लिहून पाकिटात घातला होता. तेवढ्यात अपेक्षा आली. तिला कुणीतरी यादीचं सांगितलं होतं. रडली नाही, रागावली नाही. म्हणाली, "काका, माझं चित्र कुठं कमी पडलं, ते सर सांगतील का? म्हंजे मी तेवढं सुधारते." हजारोंच्या सभेत न अडखळणारा मी, राक्या, नुसतं म्हणालो, सरांनाच विचार. मग अर्ज फाडला आणि हे लिहायला बसलो. म्हणून हे पत्र टपालानं आलेलं नाही. ज्या पोरीनं ते आत्ता तुझ्या हातात दिलं, ती तुझ्या कर्जतच्या घराच्या दारात उभी आहे. शेजारी रूपाताई आहेत, आठवड्याची एकुलती एक सुट्टी मोडून आलेल्या. पोरीच्या काखेत पुठ्ठ्यांचं बाड आहे. पाकीट बंद करून दिलंय, आत काय आहे ते तिला माहीत नाही. तिला घरात घे. बाड सोड, ते गेटचं चित्र समोर ठेव आणि त्याच्याकडे बघत तिला सांग, कुठं कमी पडलं ते.

सोमवारी चार वाजेपर्यंत तरी तुझाच,
मिलिंद