सुजीचं बोट

ता. ३, सोम.
दिल्यानं फाटकावर बॅनर टांगलं. ‘प्रताप नगरची कन्या भारताच्या संघात.’ पोट्टीचा फोटो पासपोर्टएवढा, नगरसेवकाचं तोंड टरबुजाएवढं. म्या धाकट्या भावाले विचारलं, ‘खेळणार कोण आहे गा, सुजी का हा?’ दिल्या म्हणे, ‘दादा, तुम्हाले कशाचाच आनंद नाही.’ आनंद आहे. बॅनर नाही पाह्यजे.
सात देशाच्या बायांची व्हॉलीबॉल स्पर्धा आपल्या नागपुरात. माही पुतणी त्यात सेटर. चार वर्षं बेंचवर बसली, आता पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरन. बस. एवढंच आहे. त्यासाठी मांडव कायले घालाचा?

ता. ४, मंगळ.
कोचनं सुजीले दोन घंट्याची सुट्टी देली. घरी आली तं तिच्या मायनं, वंदनानं, दारातच उभं केलं. एकदा ओवाळलं, दिवा विझला. दुसऱ्यांदा ओवाळलं, फोनमधी रेकॉर्डिंग चालू नव्हतं. तिसऱ्यांदा. पोट्टी दिवसभर प्रॅक्टिस करून आली, तिले पाणी देणं कोणाले सुचलं नाही.
मंग हळूच माह्या खोलीत आली. ‘मोठे बाबा, हे पाहा नं. निसटलं वाटते.’ डाव्या हाताचं मधलं बोट. सुजलं होतं.
‘कोणाले सांगितलं?’
‘कोणाले नाही. सांगितलं का बसवतीन. चार वर्षं बसलीच नं.’
उमरेडच्या खदानीत होतो तवा कॉलनीच्या ग्राउंडवर कोणाचं बोट निसटलं का एकच हाक, दादाले बोलवा. किती जणाईचे ओढून बसवले, हिशेब नाही. सुजीचं धरलं, खेचलं. कट्टकन वाजलं. ओरडली नाही. डोळे भरले फक्त. म्हटलं, ‘झालं काम.’ दोन बोटं जोडून पट्टी मारून देली. एवढ्याशा बोटासाठी डॉक्टर, फोटो, रिपोर्ट. आजकालचे लोक शिंकले तरी सलाइन लावतेत.

ता. ५, बुध.
उद्घाटन. सव्वा घंटा भाषणं. सात देशाच्या पोट्ट्या रांगेत उभ्या. श्रीलंकेवाल्या जांभया देऊन राहिल्या, मालदीवची एक तं सरळ खालीच बसली. शहाणी. एका पाहुण्यानं ‘बास्केटबॉलच्या या सोहळ्यात’ म्हटलं. टाळ्या वाजल्या! शाल, नारळ, शाल, नारळ. ढोलवाले. छताखाली एक उडतं यंत्र घूं घूं करून राहिलं, ते नेटमधी अडकलं तवा जरा बरं वाटलं.
मंग मालदीवले सरळ तीन सेटमधी हरवलं. बाजूले शेजारचे घोडमारे.
‘दादा, आपली सुजी मारत काहून नाही?’
‘ते उचलून देते. दुसरी मारते.’
‘म्हणजे मेन दुसरी आहे?’
ज्याले हे कळत नाही त्यानं घरी वाटाणे सोलावे.

ता. ६, गुरु.
नेपाळ. जिंकलो, पण पाचव्या सेटपर्यंत फरफटत.
बॉल फिरून राहिला. सेटरच्या हातून सुटलेला बॉल कसा पाह्यजे, हवेत थांबल्यासारखा. दोन्ही हाताचा जोर सारखा नसला का फिरते. पंचानं सुजीले दोनदा पकडलं, डबल टच, दोन हात मागंपुढं लागले म्हणून. सारे बोंबलले, ‘पंच विकला!’ दिल्या तं खुर्चीवर चढला. पंचाचं काही चुकलं नाही. नेपाळच्या पोट्ट्याईनं दहा मिनिटात ओळखलं का इची डावी बाजू कच्ची आहे, आपल्या तीन हजार लोकाईले शेवटपर्यंत समजलं नाही. ते मोबाइलची बत्ती हलवून राहिले होते.
निसटलेलं बोट बसवलं का दोन दिवसात सूज उतरते. इतके वर्षं पाह्यलं. आज दोन दिवस झाले. तिनं पट्टी चढवली आहे, कालच्यापेक्षा जाड.
झोप नाही

ता. ७, शुक्र.
आज मॅच नाही. ऑटोनं हॉटेलात गेलो. गार्ड म्हणे, ‘पास?’ म्हटलं, ‘पुतणी आहे.’ म्हणे, ‘सकाळपासून अकरा काका येऊन गेले.’ शेवटी सुजीच खाली आली. पट्टी काढ म्हटलं. नखापर्यंत निळं. वाकवून दाखव म्हटलं. वाकलं नाही.
‘मोडलं असंन तं?’
‘असू द्या. उद्या सेमी, परवा फायनल. मंग सांगीन.’
‘मी सांगू कोचले?’
‘सांगा. पण मंग माह्यासंग बोलू नका.’
हे पोट्टी नाही, गोटा आहे. कोणावर गेली ते दिल्या सांगते, मी ऐकत नाही.
जाता जाता म्हणे, ‘तुमच्यामुळं नाही झालं काही.’ म्या विचारलंच नव्हतं.

ता. ८, शनि.
सेमी. श्रीलंका. जिंकलो. कसे जिंकलो ते माह्या डोळ्यानं पाह्यलं. डाव्या हाताचं काम उजव्यानं करून राहिली. दर बॉलले तोंड असं करे का चटका बसला. बाजूले वंदना, ‘पाहा नं, किती जोशात आहे!’ जोश नाही वं, दुखणं आहे ते. मनातच म्हटलं. माही बी जीभ तवा कुठं गेली होती.
बाहेर ढोल. दिल्या नाचून राहिला, त्याच्या खांद्यावर कोणाचं तरी लेकरू. मी संघाच्या ट्रेनरबाईले शोधत गेलो. पास देणाऱ्या टेबलावर चार जण, कोणाच्याच हाती काम नाही. एक म्हणे अर्ज द्या. म्हटलं, ‘भाऊ, तुह्या अर्जाची होडी कर.’ मागच्या दारानं गेलो.
ट्रेनर केरळची पोरगी, बर्फाच्या पेटीवर बसून समोसा खाऊन राहिली होती. सांगितलं.
‘किसने खींचा?’
‘मैंने.’
‘आप डॉक्टर हैं?’
‘नहीं. खदान में था.’
माह्याकडं पाह्यलं. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं. समोसा कागदात ठेवला अन् पळाली.
दहा मिनिटात सुजीले गाडीत बसवून घेऊन गेले. माह्यासमोरून गेली. मान नाही वळवली.

ता. ९, रवि. सकाळ
सुजीच्या बोटाच्या एक्स-रेत चीर आहे. दिल्यानं डॉक्टरले विचारलं. डॉक्टर म्हणे, निसटलं नव्हतंच, पहिलेच बारीक चीर होती. कोणी तरी ओढलं, त्यानं वाढली. दिल्यानं ‘कोणी’ असंच सांगितलं, पण सांगताना चहाच्या कपाकडं पाहून राहिला होता. वंदना उठून आत गेली.
निसटलं का मोडलं, हे हातानं समजते असं वाटे मले. पन्नास वर्षं वाटलं. त्या पोट्ट्याईपैकी किती जणाईचे बोटं अजून वाकडे आहेत, जाऊन पाह्यलं का कधी? ते उठून जात हसत, मले वाटे झालं काम.
डॉक्टरचं म्हणणं, आज खेळली तं पट्टी बांधून खेळन, पण बोट जन्मभर सरळ होईन का नाही, गॅरंटी नाही. सेटर म्हणून संपू शकते. नाही खेळली तं दीड महिन्यात ठीक. फायनल मात्र गेली. कोच म्हणे, तिनं ठरवावं, दुपारी दोनपर्यंत नाव द्याचं आहे.
फाटकावर नवीन बॅनर लागून राहिलं आहे. आता टरबुजं दोन.

रवि. साडेबारा
सुजीचा फोन. दिल्याले नाही, मले.
‘जेवले का?’
‘हाव.’ खोटं.
‘बाबाले विचारलं तं ते म्हणतेत देशासाठी खेळ. आई रडून राहिली. मैत्रिणी म्हणतेत तुह्या मनानं कर. मोठे बाबा, तुम्ही बोट पाहून मिनिटात सांगितलं होतं, झालं काम. आता सांगा. खेळू का नको?’
टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. त्यानंच तं जास्त लागलं.
मले सारंच मिनिटात सांगता येते. भाषण खराब, पंच बरोबर, घोडमारे गधा.
म्हटलं, ‘फोनवर नाही. येऊन राहिलो.’
‘स्टेडियमवर या, दोनच्या आत.’
ऑटो भेटला. लिहून राहिलो ते ऑटोतच, अक्षर हलून राहिलं. चौकात ढोलवाल्याईची मिरवणूक आडवी, ऑटोवाला म्हणे, ‘काका, उतरून पायी जा, लवकर पोचसान.’ स्टेडियमचं छत दिसते इथून. दीड वाजून गेला. खेळ म्हणू तं बोट जाते, नको म्हणू तं फायनल. वही बंद, उतरतो.