लॅमिनेट केलेला नियम

३ मार्च २००९
पोरीच्या, दीप्तीच्या साक्षगंधासाठी काढलेल्या कर्जाचे तीन हप्ते थकले. घाबरायचं कारण नाही. पेपरात बातमी आली आहे: वसुलीवाल्याकडे ओळखपत्र पाहिजे, धमकी देता येत नाही, कर्जाची गोष्ट तिसऱ्या माणसाला सांगता येत नाही. कात्रण लॅमिनेट केलं.

५ मार्च, सकाळी ९
बँकेचा वसुलीवाला छोटेलाल आला. ओळखपत्र मागितलं. नव्हतं! कात्रण दोनदा वाचून दाखवलं. म्हणाला, भैया, पढ़ाई बाद में, पैसा कब? पण चेहरा उतरला होता. अल्का म्हणते, एक हप्ता तरी भरून टाका, कायले कज्जा वाढवून राहिले? आमच्या सौभाग्यवतींना कायद्यातलं काही कळत नाही.

९ मार्च
चार दिवस छोटेलाल नाही. हादरला! सहाव्या वेतन आयोगाचे एरियर्स आले की एकरकमी फेडणार. नक्की.

१२ मार्च, दुपार
दवनीवाड्याहून होणाऱ्या व्याह्यांचा, केशोरावांचा फोन. छोटेलाल त्यांच्या अंगणात खाट टाकून बसला, चार लोकांसमोर सगळं सांगून गेला. साफ बेकायदेशीर! त्यांना नियम समजावला. ते म्हणाले, नियम बराबर आहे जी, पण त्याले आमचा पत्ता कोणं देल्ला?
कर्जाच्या फॉर्मवर दोन ओळखीची नावं मागितली होती. केशोरावांचं बारा एकर धान, गावात मान. दुसऱ्या कोणाचं लिहिणार?

१५ मार्च
केशोरावांनी साडी आणि अंगठी परत मागवली. तात्पुरता राग आहे, निवळेल. बँकेला चार पानी तक्रार, रजिस्टर्ड.
साडीची घडी दीप्तीनंच घातली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२ एप्रिल
बँकेचं पत्र. तक्रार खरी ठरली, छोटेलालला कामावरून काढलं, बँक दिलगीर आहे. जिंकलो. अल्काला वाचून दाखवलं. ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. दवनीवाड्याला फोन केला. कोणी उचलला नाही.

७ एप्रिल
ग्राहक मंचाचा अर्ज भरायला बसलो. नुकसानभरपाईपाशी पेन अडला. दीप्तीला विचारलं, किती लिहू? ती म्हणाली, काही नका लिहू, बाबा. कापडाच्या दुकानात काम लागलं मले. हप्ता मी भरीन.
पोटात तुटलं. पोरीसमोर रडलो.
नाही म्हणायला पाहिजे होतं. हो म्हणालो.