बुधवारचं बोट

बाई, आज सकाळी माझं रक्त काढलं. तीन महिन्यांनी एकदा साखर तपासायची असते, एकदा उपाशीपोटी आणि एकदा जेवल्यावर दोन तासांनी. अकोल्यात आता गल्लोगल्ली तपासणीची दुकानं झाली आहेत. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात नातीच्या वयाची एक मुलगी बसते. तिने माझ्या दंडाला रबर बांधलं आणि म्हणाली, "काका, काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल." लोकांना टोचण्यात ज्याची सगळी नोकरी गेली त्या माणसाचे तळवे ओले झाले होते, याची मला लाज वाटली. आणि त्या मुंगीचा रागही आला. शीर सापडेना म्हणून तिने दोनदा टोचलं. घरी येऊन पोहे खाल्ले, पेपर उघडला, पण वाचवेना. चमचाभर रक्ताने कोणी थकत नाही हे मला कळतं, तरी थकल्यासारखं झालं होतं. तुम्हाला जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला लिहावं असं कितीदा मनात आलं आणि मी दुसरंच काही काम काढून बसलो.

मुंगीचं मीही म्हणालो होतो, ते तुम्हालाच. भातकुलीहून सायकल मारत अमरावतीच्या दवाखान्यात यायला लागून मला आठवडाही झाला नव्हता. आमच्या घरातला पहिला मॅट्रिक मी. धर्म बदलून आम्हाला पाच वर्षं झाली होती, पण लोकांच्या लेखी आम्ही होतो तेच होतो. रक्त काढायच्या खोलीत वलगावचे एक म्हातारे बसलेले. मी हात पुढे करा म्हटलं, तर त्यांनी विचारलं, "आडनाव काय रे तुह्यं?" मी सांगितलं. त्यांनी हात धोतराच्या सोग्यात घेतला आणि भिंतीकडे पाहत बसले. मागे रांग होती, ती सगळी माझ्याकडे बघत होती. तुम्ही बाह्यरुग्ण विभागाच्या मोठ्या सिस्टर. तुमच्या आवाजाला डॉक्टरसुद्धा वचकून असत. तुम्ही आत आलात, म्हाताऱ्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसलात, बाही वर केलीत आणि म्हणालात, "काढ माहं."

माझी सुई दोनदा चुकली. तुमच्या कोपराच्या खाचेत सुपारीएवढी गाठ आली, निळी पडली. घाबरून मी म्हणालो, "काही नाही बाई, मुंगी चावल्यासारखं." तुम्ही सगळ्यांदेखत मला झापलंत. "लबाड कावून बोलतं? मुंगी मले मालूम हाये. दुखन म्हन. किती वेळ दुखन तेही सांग. एकदा फसवलं का तो हात पुढच्या खेपेले तुह्यापुढं येत नाही." तिसऱ्यांदा शीर मिळाली. त्यानंतर वलगावच्या आजोबांनी हात बाहेर काढला. मी त्यांना म्हटलं, "बाबा, दुखन. पाच मोजेपर्यंत." ते म्हणाले, "बरं." त्या दिवशी सायकलवर बसून घरी जाताना मी मोठमोठ्याने गाणं म्हणत होतो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

त्या काळात सुया फेकून देत नसत. उकळायच्या, बोथट झाल्या की दगडावर घासायच्या, मग कापसावरून अलगद ओढून बघायच्या. तंतू अडकला तर सुईला कंगोरा राहिला असं समजायचं. हे तुम्ही मला शिकवलंत. तंतू अडकलेली सुई मी डब्यात टाकताना दिसलो की तुम्ही ती उचलून माझ्या हातात परत द्यायच्या. आणि शिकवलंत ते दुसरं म्हणजे बोलत राहणं. आधी खरं सांगायचं, मग घरी काय शिजलं ते विचारायचं. बायका गोळ्याच्या कढीत गोळे केव्हा सोडायचे ते सांगायला लागत आणि तेवढ्यात काम होऊन जाई. पुरुषांना पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, विचारायचं. लहान मुलांना मात्र तुम्ही मांडीवर घ्यायच्या आणि रडू द्यायच्या. "रडू दे त्याले, रडनं काही नुकसान करून नाही राह्यलं."

मग तुम्हीच आजारी पडलात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढत जातात, तो आजार. दर बुधवारी बोट टोचून मोजणी करायची, एवढंच तेव्हा आपल्याकडे होतं. टोचायचो मी, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायचो मीच. पहिल्या बुधवारी तुम्ही खोलीचं दार लावून घेतलंत आणि हात पुढे केलात. "पाह्य ना बापू," तुम्ही म्हणालात, "वीस वर्सं लोकायले धीर देल्ला, अन् माहीच बोटं आयकून नाही राह्यली. सोमवारपासून जेवन जात नाही मले." मी विचारलं, सुईची भीती वाटते की आकड्याची? तुम्ही हसलात. "दोनीची हाये. कोनाले सांगू नको." मी गरम पाण्यात तुमचा हात धरायचो, तो उबदार झाला की बोटाच्या कडेला टोचायचो, आणि तुम्ही मला, पोरीला सांगावं तसं, कढीचं सांगायच्या. कढी दर बुधवारी तीच. अंगठे सोडून दर खेपेला नवं बोट, म्हणून आठ आठवडे झाले की परत पहिलं बोट यायचं, ते अजून दुखरं असायचं. मग तुम्ही विचारायच्या, "आकडा किती?" आणि तुमच्याच शिकवणीमुळे मला खरा सांगावा लागायचा. आकडा वाढतच होता. सोमवारपासून आता माझंही जेवण जाईना. बुधवार उजाडला की सायकल दवाखान्याकडे वळवू नये असं वाटायचं. मला तुमचा राग यायला लागला होता, बाई. तुम्ही दुसऱ्या कोणाकडे हात का देत नाही, म्हणून.

उन्हाळ्यात माझी अकोल्याला बदली झाली. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी ऑर्डर काढली, माझा काही इलाज नाही, असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही भडकलात. "असा कसा पाठवते तो तुले? मी बोलतो त्याच्याशी." दुसऱ्या दिवशी भर दुपारी तुम्ही साहेबांच्या ऑफिसचा जिना चढून गेलात. दर तिसऱ्या पायरीला थांबत होतात, कठडा धरून. मी खालून बघत होतो. धावत जाऊन तुम्हाला थांबवायला हवं होतं, आणि मी नळाखाली तपासणीच्या धुतलेल्याच काचा धूत उभा राहिलो. पंधरा-वीस मिनिटांनी तुम्ही उतरलात. घाम पुसलात. "जाय," म्हणालात. "अकोला काही लांब नाही." मग स्टुलावर बसून हात पुढे केलात. बुधवार नव्हता. "जायच्या आधी एकदा काढून घे. नवा पोरगा कसा येते कोन जाने." त्या दिवशी तुम्ही कढीचं काही सांगितलं नाही, आणि मी मोजणी करून वर बघितलं तर म्हणालात, "आज आकडा राहू दे."

नंतर मला कळलं की नव्या माणसाकडे तुम्ही दोनदा गेलात आणि मग तपासणीला जाणंच सोडलंत. पोळ्याच्या सुमारास तुम्ही गेल्याची बातमी आली. मी आलो नाही. रजा मिळाली नाही असं घरात सांगितलं. रजा मी मागितलीच नव्हती.

बाई, बदलीचा अर्ज माझा होता. घरगुती अडचण, असं कारण लिहून खाली सही केली होती. तो कागद त्या दिवशी साहेबांच्या टेबलावर असणार. त्यांनी तो तुम्हाला दाखवला असेल, तर सगळं कळल्यावरही तुम्ही खाली येऊन माझ्यापुढे बोट धरलंत. दाखवला नसेल, तर आजारी अंगाने तो जिना तुम्ही फुकट चढलात. यातलं काय झालं ते विचारायला आता कोणीही उरलेलं नाही. जिना फुकट गेला असावा, तुम्ही तो कागद पाहिला नसावा, असंच मला अजूनही हवं असतं.