उज्ज्वलमधले दोन ज

४ जून
दुकानाची आता भरभराट होणार. त्याची नोंद राहावी, म्हणून आजपासून रोज लिहिणार. चष्मेवाले साहेब आले होते. हे एका मोठ्या कंपनीचे ऑडिटर. कंपनीचा हिशेब खरा आहे, असं सही करून सांगतात. डझनभर रबरी शिक्के हवेत, सगळे वेगवेगळ्या दुकानांच्या नावांचे. ती दुकानं स्वतः का येत नाहीत, असं विचारलं. साहेब हसले. म्हणाले, की अरे शिक्केवाल्या, त्यांना कुठे वेळ आहे! त्यांनी आमचा माल घेतला एवढं कागदावर दिसलं की झालं. पटलं.
साहेबांच्या चिठ्ठीत शुद्धलेखनाचा आनंदच आहे. 'उज्वल पॅकिंग' लिहिलंय. शिक्क्यावर मी 'उज्ज्वल' केलं. शाळा नववीत सुटली, पण ऱ्हस्व-दीर्घ सुटलं नाही.

६ जून
शिक्के दिले. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. त्यांची चिठ्ठी मी फाडून टाकली. अशुद्ध लेखन दुकानात ठेवत नाही.
आई म्हणाली, की दुसऱ्यांच्या नावाचे शिक्के हा कशाला नेतो रे? तुझा बाप असता तर त्याला पायरी चढू दिली नसती. आईला बिझनेस कळत नाही.

१९ सप्टेंबर
ती कंपनी बुडाली. माल विकलाच नव्हता, नुसते कागद रंगवले होते. पेपरात पहिल्या पानावर. माझा काही संबंध नाही. मी तिथे पाऊलही टाकलेलं नाही. तरी जेवण गेलं नाही. उद्यापासून पहाटे उठून व्यायाम.

२० सप्टेंबर
उशिरा उठलो.

३ ऑक्टोबर
नोटीस आली. 'फसवणुकीस सहाय्य केल्याबाबत' चौकशीला बोलावलंय. 'साहाय्य' हवं. पेन्सिलने दुरुस्त केलं. आई म्हणाली, की अरे मेल्या, कसं लिहिलंय ते काय बघतोस, काय लिहिलंय ते बघ!

५ ऑक्टोबर
तपास अधिकारी बाई सभ्य वाटल्या. दोन शिक्क्यांचे ठसे समोर ठेवले, एक खऱ्या 'उज्वल पॅकिंग'चा, दुसरा माझा. फरक विचारला. मी तत्काळ सांगितलं, की त्यांचा चुकलाय, माझा बरोबर आहे. बाई म्हणाल्या, की त्या मालकाने पाटीपासून बिलापर्यंत जन्मभर एकच ज लिहिलाय. दुसरा ज दिसला, तिथेच खोटा शिक्का पकडला गेला.
म्हणजे एवढा मोठा घोटाळा माझ्या शुद्धलेखनामुळे उघडकीस आला! नम्रपणे तसं सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. शिक्का तुम्हीच बनवलात ना, असं पुन्हा विचारून खाली सही घेतली. सही सुरेख आली.

६ ऑक्टोबर
आईने वकिलांकडे नेलं. जबाबात काय बोललो ते ऐकून त्यांनी डोकं धरलं. म्हणाले, की राजा, तोंड उघडायच्या आधी मला विचारायचंस ना! आता नुसत्या कंपनीला धरत नाहीत, तिला हात देणाऱ्यांनाही धरतात. तुला वाचायचं असेल तर एकच वाट, माफीचा साक्षीदार हो.
कल्पना आवडली. माफी कोण मागणार, ते विचारायचं राहिलं. बहुधा सरकार, मला झालेल्या त्रासाबद्दल.

१४ नोव्हेंबर
माफीच्या साक्षीदाराचा माझा अर्ज फेटाळला. चष्मेवाले साहेब आधीच माफीचे साक्षीदार झाले. त्यांनी सांगितलंय, की शिक्क्यांची युक्ती शिक्केवाल्याचीच. वकिलांनी साहेबांच्या हातची चिठ्ठी मागितली. ती का फाडली, ते मी सांगितलं. वकिलांनी माझी फाईल मिटून ठेवली.
साहेबांचा काहीतरी गैरसमज झालाय. उद्या भेटून दूर करणार.

१५ नोव्हेंबर
साहेबांच्या बायकोने दार किलकिलं करून सांगितलं, की ते झोपलेत. आतून साहेब विचारत होते, की कोण आहे गं. झोप सावध असावी.

८ जानेवारी
दुकानाला सील लागलं. लाख वाकडी लावलीय. सांगणार होतो, पण आईने दंड धरला.
आई काही दिवस ताईकडे राहणार. मलाही बोलावणार होते, पण भावोजी म्हणाले म्हणे, की आमच्या दारात पोलिसांची गाडी नको. भावोजींना आवाजाचा त्रास होतो.

२२ जानेवारी
कोर्टात सगळ्यांच्या आधी पोहोचलो. साहेब आल्यावर साक्षीदारांच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसलो. ते सरकले. मला जागा करून देताहेत असं वाटलं. शिपाई आला. म्हणाला, की ए भाऊ, तुझा बाक हा नव्हे, पलीकडचा, आरोपींचा. मी म्हटलं, की कंपनीचे लोक येऊ द्या, मग एकदमच बसतो. तो म्हणाला, की मालकांना डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, बाकीचे परदेशात आहेत. तू बस.
बाक चांगला लांब होता. मधोमध बसावं की कडेला, ते ठरेना.