इंदूच्या गोळ्या, माझं गरम पाणी

सोम. ५ जाने.
थंडी. उठल्याउठल्या दोन पेले गरम पाणी, पोट साफ. त्याच पाण्याबरोबर बीपीची गोळी, मोरीकडे तोंड करून. सुनेला माहीत आहे. बाहेरच्यांना नाही.
दुपारी दारापुढच्या ओटल्यावर साड्यांचे धागे कापायला बसलो सहाजणी. थर्मास माझा. सगळ्यांना अर्धा अर्धा पेला. शेवंता म्हणे गॅस गेला. कोपऱ्यावरची गुजरातीण म्हणे गळा खुला झाला. मग शेवंतानंच विचारलं, "जिजी, तुमचं बीपी खरंच पाण्यानं गेलं?"
"मग काय तुझं तोंड बघून गेलं?"
हसल्या सगळ्या. इंदू नाही हसली, माझ्याकडे बघत राहिली. समोरच्या खोलीत राहते, माझ्याच गावची, गाव सोडून इकडे गुजरातेत लिंबायतला आलो ते एकाच वर्षी. माझं म्हणणं तिला देवाचं वाटतं. मूर्ख.

बुध. ७
इंदू आली, पदरात गोळ्यांची पाकिटं बांधून. "जिजी, या गोया तुन्हाजोडे ऱ्हाऊ दे. संजूले दिसतीन तर वरडी." संजू तिचा मुलगा, दर महिन्याला न चुकता आणतो. हिनं बीपीची गोळी महिन्यापासून सोडली. आता जिजीसारखं पाणी पिते म्हणे, डोकं हलकं वाटतं.
तेव्हाच बोलायचं होतं. शेवंता दारात उभी होती. "ठेव" म्हटलं आणि पोह्यांच्या डब्यात टाकली.

रवि. ११
माझी गोळी संपली. सून उद्या आणणार. डब्यातली इंदूची घेतली. डॉक्टर एकच, गोळी तीच. वरून ग.पा., गरम पाणी.
मग खिडकीतून तिला हाक मारली, "प्यायलीस का पाणी?"
"प्यायले व जिजी."
लाज नाही वाटली तेव्हा. आता लिहिताना वाटते.

बुध. १४
उतराण, आपली संक्रांत. पोरंसोरं गच्चीवर, भोंगे चालू. इंदू तिळगूळ घेऊन आली आणि दारातच हातातून वाटी सुटली. तोंड एका बाजूला गेलं. बोलायला गेली तर नुसता आवाज.
मला काय सुचलं? ग.पा. पेला लावला तिच्या तोंडाला. सगळं हनुवटीवरून गळ्यात. नात पिंकी धावत आली, "आजी, रहेवा दे! पाणी नको देऊ, ठसका लागेल! गाडी बोलव!" बारावीतल्या पोरीला कळतं.
अंगावरून वारं गेलं म्हणतात.

शुक्र. १६
दवाखाना. उजवा हात, उजवा पाय नाही हलत. ओळखते सगळ्यांना.
डॉक्टर संजूला म्हणाला, "बीपीची गोळी रोज घेत होत्या ना?"
"रोज साहेब. मी स्वतः आणतो."
"मग ती पुरत नाही. सोमवारी घरी सोडताना जास्त ताकदीची लिहितो."
मी तिथंच, थर्मास मांडीवर. तोंड उघडलं. निघालं काय? "संजू, पाणी घेतोस का रे?"
पेला घेतला त्यानं. म्हणे, "मावशी, तू आहेस म्हणून बरं. आईला तुझाच भरोसा."


शनि. १७
नाही गेले. गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघ्याला काही झालं नाही.

रवि. १८
ओटला. शेवंता म्हणाली, "इंदू पाणी कमीच प्यायची. आणि कोमट. गरम कुठं प्यायची?" बाकीच्यांनी माना हलवल्या. खोटं का सांगू, ऐकून बरं वाटलं मला. चला, तिचंच चुकलं.
पुढं म्हणते, "मी तर चारचार पेले पिते. शुगरच्या गोळ्यांना हात लावला नाही आठ दिवस."
उठले. आत जाऊन माझं पाकीट आणलं. सगळ्यांसमोर गोळी काढून दाखवली.
"हे काय व जिजी?"
"बीपीची गोळी. पाच वर्षं खाते. एक दिवस चुकवली नाही. पाण्यानं पोट साफ होतं, घसा बरा राहतो. बस. तू ऊठ, घरी जा, डॉक्टरला विचार."
कात्र्या चालत राहिल्या. शेवंता जाताना थर्मास माझ्याकडे सरकवून गेली. भरलेला.
इंदूच्या गोळ्यांचं मात्र नाही बोलले. ते संजूला आधी कळायला हवं.

सोम. १९, सकाळ
काल संध्याकाळी दवाखान्यात जाऊन आले. इंदूनं डाव्या हातानं माझा पदर धरला, सोडेना. सांग म्हणत होती की सांगू नको? माझं मन लगेच 'नको'कडे धावतं. माझ्या सोयीचं ते.
संजूची रातपाळी आठला सुटते, मिलमधून तो सरळ तिकडेच. डॉक्टर दहाला घरी सोडायचा कागद करणार, त्यावर ती जास्त ताकदीची गोळी. त्याच्या आत बोलायचं.
इंदूची पाकिटं पदराला बांधलीत. एक गोळी कमी आहे. ती कोणी खाल्ली तेही सांगावं लागेल.
पिंकी विचारते, "आजी, थर्मास भरू?"
नको म्हटलं. मग म्हटलं भर, पोरगा रात्रभर जागा असेल. मग परत नको.
ती तशीच उभी आहे, पातेलं हातात घेऊन. बाहेर रिक्षावाला भोंगा मारतोय.