आबा, फॅट लागली

आबा,

आज घरात काय काय आलं ते आधी सांगते, तुम्ही तेच पहिलं विचारायचा. अंबाबाईच्या ओटीचा खण साठ रुपये, नारळ पस्तीस, पाव किलो पेढे, आणि गल्लीतल्या पोस्टातनं हे अंतर्देशीय पत्र, अडीच रुपये. पेढे जरा महाग पडले, पण दिवसच तसा होता. आपलं पोस्ट इथंच राहिलं, आबा.

गेल्या वर्षी कानावर आलं होतं, की हे पोस्ट बंद करून लांबच्या मोठ्या पोस्टात मिळवणार. शेजारच्या काकूंची पेन्शन इथंच येते. गुडघे धरत त्या इथवर कशाबशा येतात. पुढं जायचं तर निम्मी पेन्शन रिक्षावाल्याला. आमच्या हरिपाठाच्या बायकांनी खासदारांना अर्ज दिला. त्यांनी हात जोडले, संसदेत विषय मांडतो, निर्धास्त राहा म्हणाले. बायका निर्धास्त झाल्या. मला मात्र तुमची आठवण झाली.

पहिल्यांदा मत देऊन आले, तेव्हा मी बोटाची शाई दाखवत दारात उभी होते. तुम्ही डेअरीत दुधाची फॅट तपासून नुकतेच आला होता, बंडीला दुधाचा वास. कौतुक कराल असं वाटलं, तर म्हणालात, "शाई काय दावतीस? म्हस घिऊन कोण गोठ्यात सोडून येतंय व्हय? रोज धार काढाय लागती." तेव्हा मी रुसून जेवले नव्हते.

आता रोज धार काढते. अधिवेशन सुरू झालं की मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून लोकसभा लावते आणि भाकरी थापते. हे विचारतात, आज दिल्लीला किती भाकरी धाडायच्या? हिंदी सगळं कळतंच असं नाही, पण आपले खासदार उभे राहिले की गॅस बारीक करते. आवाज खणखणीत. देश, इतिहास, समोरच्यांना टोमणे, बाकं वाजतात. त्यांनी विचारलेले प्रश्नही मोबाईलवर बघायला शिकले. भरपूर होते. त्यात आमचं पोस्ट नव्हतं. एक अधिवेशन गेलं, दुसरं गेलं.

मग तालमीच्या मंडपात त्यांचा सत्कार ठरला, संसदेत भरपूर बोलतात म्हणून. हार घालायला मला पुढं केलं. हार हातात, आणि मला तुमची डेअरी दिसते. गावातली बडी असामी काठोकाठ भरलेली किटली मिरवत आलीय. तुम्ही नमुना तपासता आणि रांगेदेखत शांतपणे म्हणता, "पावणं, किटली मोठी हाय, पण फॅट लागंना." माझ्या तोंडातनं तेच निघालं.

"साहेब, दूध लई घातलंसा, पण फॅट लागंना."

आधी काकू हसल्या, मग सगळेच. निम्म्या मंडपाच्या घरी म्हशी, समजावून काय सांगायचं? साहेबही हसले, पण कान लाल झाले. "कुठं कमी पडलो, वैनी?"

"पोस्टात," म्हटलं, आणि मग हार घातला.

पुढच्याच अधिवेशनात ते शून्य प्रहरात उभे राहतात. देश नाही, इतिहास नाही. मराठीत बोलतात, "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातल्या एका भगिनीनं माझ्या भाषणांची फॅट तपासली. ती कमी भरली. आज भरून काढायला उभा आहे." आणि मग आमची गल्ली, आमचं पोस्ट, काकूंचे गुडघेसुद्धा. दिल्लीत, आबा! माझी भाकरी करपली. करपू दे म्हटलं.

आज पोस्टाच्या दारावर कागद लागला, कार्यालय इथंच राहणार. काकूंनी मला पेढा भरवला, म्हणाल्या, "बाचं नाव काढलंस की गं." ओटी भरताना देवीपुढं मी पहिल्यांदाच काही मागितलं नाही.

या पत्रावर पत्ता काय घालू? देव्हाऱ्यात तुमच्या फोटोमागं ठेवते. एकच विचारायचं राहिलं, आणि हे ह्यांनाही ठाऊक नाही. त्या खासदारांना मी मत दिलं नव्हतं. पुढच्या खेपेला द्यावं का? उलट टपाली कळवा. पोस्ट चालू हाय.