डिंडोली लीगचा खरा अहवाल आणि माझ्या इतर वस्तू

मी, वर्षा हिलाल बोरसे, वय चोवीस, बी.ए., शाळेत शिक्षिका आणि रविवारी फुटबॉलची पंच, राहणार डिंडोली, सुरत, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड हृदयात आहे. पंचांच्या धावण्याच्या चाचणीत मी कोसळले आणि डॉक्टरांना तिथे छिद्र सापडले. सोमवारी शस्त्रक्रिया आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. न लिहिण्यासाठी मात्र घरातल्या सगळ्यांचा आहे.

१. घर भाड्याचे आहे, त्यामुळे त्याच्या वाटणीचा प्रश्न नाही. बँकेत जे काही असेल ते आईचे, म्हणजे कमल हिलाल बोरसे यांचे. तिने ते माझ्या तेराव्यावर उडवू नये. दात बसवून घ्यावेत.

२. माझी पदवी बाबांनी गणपतीच्या फोटोशेजारी फ्रेम करून लावली आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ते आमच्या अहिराणीत सांगतात, "मनी पोर ग्रॅज्युएट शे." ती फ्रेम त्यांचीच. फक्त एक नमूद करते. ग्रॅज्युएट पोरगी पहिल्यांदा काही खरे बोलायला गेली तेव्हा हेच बाबा म्हणाले, "तुना भाऊले नोकरी लागनी, आते तोंड बंद ठेव."

३. शिट्टी, दोन्ही कार्डे आणि पंचाचा काळा शर्ट लीगमध्ये जी पुढची मुलगी पंच होईल तिला द्यावा. तिला सांगावे की मैदानाबाहेरून "बेन, चश्मा पहेरो!" असे ओरडतील. ते सोसता येते. ज्यांना आपण ओळखतो ते हळू आवाजात बोलतात, ते सोसत नाही.

स्वातीने, माझ्या मैत्रिणीने, शिट्टी मागितली होती. ती साक्षीदार असल्याने तिला काही देता येत नाही, हे मी तिला समजावले.

"मग सही दुसऱ्या कोणाची घे, मला शिट्टी दे."

"तुला शिट्टी वाजवता तरी येते का?"

"तू गेल्यावर शिकायला वेळच वेळ आहे."

हे म्हणून ती स्वतःच रडायला लागली. शेवटी सहीला तयार झाली.

४. माझी गाडी भाऊ कुंदनला. तो सचिन गावातल्या मिलमध्ये कामावर जाताना दोन रिक्षा बदलतो. ही नोकरी राहो न राहो, गाडी त्याची.

५. आता ज्यासाठी लिहायला बसले ते. कपाटात एक बंद पाकीट आहे. २३ मार्चला आमच्या लीगचा शेवटचा सामना डिंडोली आणि सचिनच्या एका मिलच्या संघात झाला. विजेतेपदासाठी डिंडोलीला बरोबरीही पुरली असती. मी पंच होते आणि डिंडोलीचा गोलकीपर कुंदन होता. सख्खा भाऊ खेळत असताना मी नाही म्हणायला हवे होते. पण काशिनाथकाका, ज्यांनी ही लीग उभी केली, म्हणाले, "तुझ्याइतकं सरळ दुसरं कोण आहे?" आणि मी फुगले.

मध्यंतराला डिंडोली एका गोलने पुढे होती. पाण्याच्या टाकीमागे मिलचा सुपरवायझर लखनभाई कुंदनला सांगत होता, "सोमवार से पक्का. बस, हाथ ढीले रखना." मी टाकीच्या अलीकडे होते. सामना तिथेच थांबवायचा होता. मी दुसऱ्या सत्राची शिट्टी वाजवली. शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल झाले. त्यातला एक चेंडू इतका हळू होता की आईनेही अडवला असता. अहवालात मी लिहिले, "सामना नियमानुसार पार पडला." दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, कुंदन मिलमध्ये कायम झाला. त्याआधी तो कडोदऱ्याला लूमवर बारा-बारा तास उभा राहायचा, हेही मी विसरलेले नाही.

सामन्यानंतर काकांकडे हा विषय काढताना मी फ्रान्सची गोष्ट सांगितली होती. तिथे तीस वर्षांपूर्वी असाच सामना विकला गेला. एका खेळाडूने ते बोलून दाखवले, म्हणून मैदानोमैदानी त्याचीच हुर्यो उडवली गेली. पण विजेत्याचे पद काढून घेतले आणि त्या वर्षी ते कोणालाच दिले नाही. काका म्हणाले, "पोरी, ते फ्रान्स. इथं लीग बंद पडली तर पोरं रविवारी जातील कुठं?"

पाकिटात खरा अहवाल आहे. माझ्या मृत्यूनंतर तो लीगच्या समितीला द्यावा.

इथपर्यंत लिहिले तेव्हा कुंदन मागे उभा राहून वाचत होता.

"म्हणजे तू मेल्यावर मला पकडवणार?"

"मी खरं लिहिलंय, कुंदन."

"आणि वाचलीस तर?"

मी पेनाला टोपण लावले.

"वाचलीस तर माझी नोकरीही वाचते, ताई. मग सोमवारी मी देवापुढे हात कोणासाठी जोडले, ते मला तरी कळेल का?"

६. कलम पाचमधली पाकिटाची व्यवस्था मी रद्द करत आहे. आज सकाळी मी स्वतः पाकीट काशिनाथकाकांना दिले. त्यात पहिली चूक माझी लिहिली आहे, दुसरी लखनभाईची, तिसरी कुंदनची. काकांनी ते दोनदा वाचले. "मिलला दिलेली विजेत्यांची ढाल परत मागवावी लागेल," म्हणाले. मंगळवारी बैठक आहे.

कुंदनला मी दुपारीच सांगितले. तो जेवला नाही आणि माझ्याशी बोलला नाही. आता त्याला सोमवारी हात जोडायचेच असतील तर ते फक्त माझ्यासाठी जोडता येतील. न जोडले तरी माझी तक्रार नाही.

वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

वर्षा हिलाल बोरसे

साक्षीदार:
१. स्वाती दत्तू देवरे, डिंडोली
२. काशिनाथ लक्ष्मण गवळी, डिंडोली

सुरत, ५ एप्रिल २०२५